अर्क दिव्याच्या आधी की नंतर?
वर कुणीतरी लिहिलंय की प्रोबायोटिकच्या (दह्यातल्यासारख्या उपयोगी जिवाणूंच्या) अर्कामुळे यूव्हीखाली (अतिनील किरणांखाली) त्वचेच्या पेशी जास्त जगल्या, म्हणजे दही चोळा, सनस्क्रीनची गरज नाही. पहिला भाग पटण्यासारखा आहे, दुसरा अजिबात नाही. सनस्क्रीन किरणांना त्वचेत शिरण्याआधी अडवतं. अर्काकडून अपेक्षा असते ती आत उठलेला दाह आवरण्याची. ही दोन कामं वेगळी आहेत.

मी त्वचेच्या पेशींवर यूव्हीबीचे (यूव्हीच्याच एका प्रकाराचे) प्रयोग केलेत, म्हणून सांगते. दिव्याखाली डिश ठेवताना झाकण काढावंच लागतं, कारण त्याचं पॉलिस्टायरीन प्लास्टिकच यूव्हीबी अडवतं. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते लाल मीडियमही किरण शोषतं, म्हणून ते काढून, पेशी धुऊन वर बफरचा (साध्या क्षारयुक्त द्रावणाचा) पातळ थर ठेवायचा. आता लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिक जिवाणू ज्या एमआरएस ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) वाढवतात तो कोऱ्या चहासारखा तपकिरी असतो. अर्कासोबत तो डिशमध्ये असतानाच दिवा लावला, तर पेशी जिवाणूमुळे वाचल्या की त्या सावलीमुळे? माझ्या पहिल्या खेपेला जिवाणू न घातलेल्या नुसत्या ब्रॉथनेही पेशी वाचल्या होत्या. तेव्हापासून असा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी दोनच गोष्टी शोधते: अर्क धुतला कधी आणि कोऱ्या ब्रॉथचा कंट्रोल (तुलनेसाठी केलेला तोच प्रयोग) आहे का.

माणसांवरचं काम आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 54 निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस जॉन्सोनी, बाकीच्यांना प्लासिबो (जिवाणू नसलेलं नकली औषध) दिलं. जिवाणू घेतलेल्यांच्या त्वचेची प्रतिकारशक्ती यूव्हीनंतर लवकर सावरली. पण तो जिवाणू सहा आठवडे पोटात घेतला होता, चेहऱ्याला लावला नव्हता.