भाड्याने दिलेल्या घराला आग लागली आणि आपण परदेशात : तुमचे अनुभव लिहा

मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. परवा कुणीतरी त्याचा जुना व्हिडिओ पाठवला आणि आमच्या घराचा तो दिवस जसाच्या तसा आठवला.

आम्ही मेलबर्नला. जुळे सोलापुरातलं घर भाड्याने दिलेलं, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मे महिना, तिकडे भर दुपार, इथे अंधार पडलेला. समोरच्या काकूंचा फोन. "अगं, तुझ्या मागच्या खोलीतून धूर येलालाय बघ." पाठीमागे लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी एकच विचारत होते, पोरगी कुठाय? काकू म्हणाल्या, माझ्याजवळ बसलीय, पाणी प्यायली. मग मला रडू आलं.

गल्लीतल्या पोरांनी आधी मेन स्विच पाडला, सिलिंडर रस्त्यावर आणला. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून प्रत्येकाचा हौद भरलेला. बंब येईपर्यंत त्या हौदांवरच पोरांनी आग खोलीबाहेर येऊ दिली नाही. एसीच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालं होतं. कपाट, गाद्या, छताचं प्लास्टर, सगळं गेलं. माणसं वाचली.

त्यानंतरची रात्र फोनवरच गेली. भाडेकरू ताई सारखी म्हणत होती, "तुमचं घर जळलं हो." तिचा संसार जळला होता आणि ती माझ्या भिंतींचं दुःख करत होती. भाऊ सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी पोचला, तोवर त्या तिघांना काकूंनी वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. त्या काकूंसाठीच खरं तर हा धागा. तुमच्याकडे कोण धावलं, कागदपत्रांचं कसं केलंत, लिहा.

चाटीगल्लीकर
थोरल्या भावाचं घर, तो अमेरिकेत, धावपळ माझी. पहिली गोष्ट, विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत झाडलोट करू नका. आमच्याकडे शेजाऱ्यांनी प्रेमाने सगळं धुऊन काढलं आणि मग कुठून काय जळलं हे दाखवता येईना. आधी सगळ्या खोल्यांचे फोटो, व्हिडिओ. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, नोंदणी केलेला भाडेकरार, हे तिन्ही विमावाल्यांनी मागितलं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी असते. त्यात इमारतीचा विमा घेतला की घरमालकाच्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण येतं. भाडेकरूचं सामान त्यात नाही!! त्याने स्वतःचा विमा वेगळा काढायचा. हे कुणी सांगतच नाही.

अशोकचौक_माहेर
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही भाडेकरू होतो, मालक दुबईला. देवघरातल्या समईने पडदा पेटला. मालकांचा पहिला मेसेज, "सगळे बरे आहात ना? डिपॉझिट आजच पाठवतो, आधी दुसरी जागा बघा." अजून जपून ठेवलाय. नंतर त्यांच्या आईंनी भगुनंभर आमटी आणि कडक भाकरी पाठवल्या. मुलाची दहावीची गुणपत्रिका जळाली होती, पुणे विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळाली. शाळेतल्या बाईंनी अर्ज लिहून दिला. देव त्यांचं भलं करो.

वायरमन_विजापूररोड
लाइटीची कामं करतो, म्हणून सांगतो. एसी साध्या प्लगवर लावू नका, १६ ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट आणि बोर्डापासून वेगळी जाड वायर लागते. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेतात लोक, तिथंच घात होतो. वायर तापते, एमसीबी पडत नाही. उन्हाळ्यात ४२ वर पारा, एसी रात्रंदिवस चालू. भाडेकरू बदलला की एकदा वायरिंग तपासून घ्या ओ. आणि मेन बंद केल्याशिवाय पाणी मारू नका, ताईंच्या गल्लीतल्या पोरांनी बरोबर केलं.

सातरस्ता
जुळे सोलापुरात कुठं ताई? आमचं पण तिकडंच आहे.

पूर्वभाग
आमच्या भागात घरातच माग. सुताचे बिंडल, चिंध्या, एक ठिणगी पुरते. आजोबांच्या वेळी खाली माग आणि वर भाडेकरू. आजी रात्री मागाखालचा कापूस झाडून घेतल्याशिवाय झोपायची नाही. आता माग बंद, तीच सवय आईला लागलीय, नुसती फरशी झाडते. विषय भरकटला, सॉरी. पण सोलापुरात शेजारी धावतात हे खरंय. आमच्याकडे तेलुगूत ओरडा झाला तरी सगळी गल्ली कळून पळते.

शारजावाला
मुखत्यारपत्र करून ठेवा. मी इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मामाच्या नावे पाठवलं. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, ते मामाने लगेच केलं. म्हणून विम्याची सही, महावितरणचा मीटर, सगळं त्यालाच करता आलं. नाहीतर प्रत्येक सहीला विमान पकडावं लागलं असतं. मामा ७० च्या पुढचे, तरी स्कूटरवर सगळीकडे. ह्या वेळी गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आलो की त्यांना नवीन स्कूटर घ्यायचीय, कुणी सांगू नका :)

अशोकचौक_माहेर
@शारजावाला मामांना शेंगाचटणीपण द्या आमच्यातर्फे

होटगीरोड_ते_ओहायो
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सिलिंडरमुळे आग लागली असेल तर गॅस एजन्सीला लेखी कळवा, तेल कंपन्यांचा विमा असतो ग्राहकांसाठी. कनेक्शन त्याच पत्त्यावर नोंदलेलं हवं. भाडेकरू कधीकधी जुन्या पत्त्याचंच वापरतात. गळती वाटली तर १९०६, आगीला १०१. परदेशातून १०१ लागत नाही, म्हणून सोलापूरच्या केंद्राचा पूर्ण नंबर कोडसकट फोनमध्ये ठेवलाय.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचतेय, कामावरून आत्ता आले. @सातरस्ता आसरा चौकाकडे. @वायरमन दादा, तुमचं लिहिलेलं भावाला पाठवलं, दिवाळीआधी सगळी लाइन तपासून घेतोय. तीच ताई परत आमच्याकडे राहतेय, खोलीला रंग तिच्या मुलीने निवडला. @चाटीगल्लीकर, सर्व्हेअरने छताची किंमत फार कमी धरली तर तुम्ही काय केलंत?

चाटीगल्लीकर
ओळखीच्या इंजिनिअरकडून अंदाजपत्रक करून जोडलं आणि लेखी हरकत घेतली. नमुना शोधून रात्री टाकतो.