आईला टेस्टमध्ये 30 पैकी 21 आले, पण सगळं हिंदीत विचारलं. हा स्कोर धरायचा का?

रामबागची_लेक
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आई 81 वर्षांची, शिक्षण सातवी, जन्मापासून इंदूरचीच. गेले सात-आठ महिने तेच तेच परत विचारते म्हणून शेवटी एका ठिकाणी मेमरीची टेस्ट करायला नेलं. नेमकी त्या दिवशी संकष्टी, म्हणजे बाईसाहेब सकाळपासून चहावर. तारीख विचारली तर म्हणाली तारखेचं मला नका विचारू, आज चतुर्थी. महिना विचारला तर कार्तिक. तो मुलगा हसला, म्हणे माताजी, कार्तिक तो पूनम को निकल गया, अगहन चल रहा है. आता आपला महिना अमावास्येला संपतो आणि यांचा पौर्णिमेला, म्हणजे वद्य पक्षात आपण कार्तिकात आणि शेजारचे अगहनात, हे इथे राहणाऱ्याला काय सांगायचं, पण त्याला तर नोव्हेंबर हवं होतं, मार्क कापले. राज्य कोणतं तर 'मध्य भारत'. अहो ती शाळेत होती तोवर तेच होतं ना, 1956 ला मध्य प्रदेश झालं. मग 100 मधून 7-7 वजा करा. त्र्याण्णव, शहाऐंशी बरोबर म्हणाली, तेवढ्यात तो म्हणाला हिंदी में बोलिए, झालं, गाडी तिथेच थांबली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिलेले त्यातला एकच आठवला आणि ते एकात एक अडकलेले पंचकोन काही जमले नाहीत.

कागदावर लिहून दिलं 21. दादा म्हणतो आईला काही झालेलं नाही, टेस्टच फालतू आहे. मला रात्री झोप नाही. कोणाला अनुभव आहे का?

सराफ्याचा_भिया
अहो ताई, आज काय तारीख ते मलाच मोबाईल बघून सांगावं लागतं, मी 46 चा आहे. तिथी सांगते म्हणजे डोकं शाबूत आहे. टेंशन नका घेऊ, वयाचं आहे.

कागद_पेन्सिल
मी याच कामात आहे, रोज अशा टेस्ट घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही सांगताय ती एमएमएसई, 1975 ची. त्यात 24 च्या खाली आलं की पुढे तपासा असा ढोबळ नियम आहे, पण तो शिकलेल्या लोकांना समोर ठेवून. सातवी शिकलेल्या बाईला वजाबाकी आणि आकृती यात मार्क जाणारच, म्हणून तर 1995 मध्ये हरियाणात बल्लभगडच्या न शिकलेल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी वेगळी हिंदी टेस्ट बनवावी लागली. आणि उलटंही होतं बरं का, रिटायर्ड प्रोफेसर 29 काढून जातात आणि घरी बायको सांगते की हे गॅस बंद करायला विसरतात. सुरुवातीचं हलकं विसरणं या टेस्टमध्ये निसटतं. त्यासाठी मोका नावाची टेस्ट बरी, 2005 ची, तीही 30 चीच, पाच शब्द असतात, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात, 26 ची रेषा आणि बारावी किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक मार्क जास्तीचा देतात. ती मराठीत आहे. आईंची मराठीतच घ्यायला सांगा, उपास नसेल त्या दिवशी, चष्मा लावून.

आता जरा कडू बोलते. 'कार्तिक'चा मार्क मी सोडून देईन. वजाबाकीचाही. 'मध्य भारत'वर मात्र मी थांबले असते आणि परत विचारलं असतं, कारण मध्य प्रदेश होऊन जवळपास 70 वर्षं झाली आणि रोजच्या बोलण्यात ती ते म्हणत नसणार. आणि तीन शब्दांतले दोन गेले याला भाषेचं कारण लागत नाही. हिंदी त्यांना रोजची आहे, भाजीवाल्याशी काय मराठीत बोलतात का?

भिया, तिथी सांगितली म्हणजे सगळं ठीक असं नसतं हो. पन्नास वर्षांची सवय शेवटपर्यंत टिकते, नवीन ऐकलेलं आधी जातं.

एक विचारते, घरचं कोणतं काम त्या आधी करायच्या आणि आता सोडलं किंवा चुकायला लागलं? दहा वर्षांपूर्वीशी तुलना करून सांगा. डिमेंशिया आणि त्याच्या आधीची हलकी पायरी यातला फरक त्यावरच ठरतो, नुसत्या मार्कांवर नाही. आणि त्या हलक्या पायरीवरचे सगळेच पुढे जातात असं नाही, काही तिथेच राहतात, काहींचं सुधारतंही.

सुदामानगर_452009
आमच्या बाबांचा किस्सा. त्यांचे 19 आले होते, घरात रडारड. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, बी12 एकदम तळाला, थायरॉइड पण बिघडलेलं. वर सर्दी-खाजेसाठी जुनी झोप आणणारी गोळी बाबा वर्षभर स्वतःच्या मनाने घेत होते, ती मेमरीला त्रास देते हे आम्हाला काय मालूम. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कान! शब्द ऐकूच आला नाही तर आठवणार काय. पाच-सहा महिन्यांनी परत टेस्ट केली तर 25. पूर्ण ठीक नाहीत, पण एकटे राजवाड्यापर्यंत जाऊन येतात. ताई, हे सगळं केलंय का तुम्ही?

रामबागची_लेक
बी12 नाही केलं, उद्याच करते. कानाचं मशीन कपाटात आहे, घालत नाही, शिटी वाजते म्हणते.

कागद_पेन्सिल ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. आई तीस वर्षं गल्लीतली भिशी सांभाळते, कधी एक रुपयाचा घोळ नाही. काल तुमचं वाचून वही उघडली. ऑगस्टपर्यंत अक्षर तसंच, सरळ, ओळीत. सप्टेंबरात एकाच वहिनींचे 500 दोनदा लिहिलेत. ऑक्टोबरात चार नावांपुढे आकडाच नाही आणि खाली बेरीज मात्र केलेली आहे. बायका बोलल्या नाहीत मला, आपसातच मिटवलं असणार. दादाला दाखवली तर गप्प बसला. मग यूट्यूबवरून प्रश्न काढून आईकडून पाठ करून घेऊ म्हणाला.

कागद_पेन्सिल
पाठ मुळीच करून घेऊ नका!! मार्क वाढतील आणि आम्हाला काही कळणार नाही. ती वही सोबत न्या, माझ्या लेखी ती त्या 21 पेक्षा जास्त बोलते. औषधांची पिशवी पण तशीच उचलून न्या, आयुर्वेदिक धरून. उदास राहतात का, झोप कशी, हेही सांगा, नैराश्यातही असंच विसरायला होतं. स्कॅन लागला तर डॉक्टर लिहून देतील. आणि आता जी टेस्ट होईल तीच परत सहा महिन्यांनी, जमलं तर त्याच माणसाकडून. घसरण दिसते का ते तेव्हा कळेल.

सराफ्याचा_भिया
वहीचं वाचून माझे शब्द परत घेतो ताई. मशीनच्या शिटीचं सांगतो, कानातला साचा सैल झाला की वाजते, आमच्या आजीचा बदलून घेतला होता.

रामबागची_लेक
साचा बदलायला टाकला. मराठीत टेस्ट घेणाऱ्या एक ताई मिळाल्या, पुढच्या आठवड्यात सोमवार देत होत्या. आईने आधी कालनिर्णय काढलं, बोट फिरवलं, म्हणाली सोमवारी एकादशी आहे, बुधवारचं घे. मग दहा मिनिटांनी विचारते, कुठे जायचंय बुधवारी?