टेप लावलेलं कडं आणि दुसऱ्या हाफमधली शिट्टी

गोदाकाठचा कोच
परवा नांदेडात आमची फुटबॉलची मॅच होती. राइट बॅकच्या, म्हणजे उजवीकडून बचाव करणाऱ्या पोराच्या, हातात कडं. किक-ऑफच्या आधी रेफरीनं पाहिलं, "टेप गुंडाळ" म्हणाले, पोरानं गुंडाळली. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या बेंचवरून ओरडा झाला अन् त्याच रेफरीनं चालू खेळात शिट्टी मारून पोराला बाहेर काढलं. कडं काही निघेना. साबण सापडेस्तोवर दहा जणांत गोल खाल्ला. सुरुवातीला चालवून घेतलं ना? मग शेवटपर्यंत चालवा. मध्येच नियम कामून आठवतो?

शिट्टीवाला, परभणी
एकदा चुकलं म्हणून नव्वद मिनिटं चुकतच राहायचं का? फुटबॉलच्या नियमपुस्तकात खेळाडूंच्या साहित्याचा नियम 4 आहे, त्यात सगळेच दागिने मना आहेत. अंगठी, साखळी, बाळी, रबर बँडसुद्धा. टेपनं झाकणं चालत नाही, हेही तिथंच लिहिलंय. 2022 च्या वर्ल्ड कपात फ्रान्सचा कुंदे पोलंडविरुद्ध सोन्याची साखळी घालून खेळायला होता. लक्षात आल्यावर मध्यंतराच्या आधी काढायला लावलीच की.

गोदाकाठचा कोच
म्हणजे वर्ल्ड कपातपण आधी कुणी बघितलं नाही! साहेब, त्याच नियमात मॅचआधी खेळाडूंची तपासणी करा असंही आहे. बदली खेळाडूची आत यायच्या आधी. आमच्याकडं तपासणी म्हणजे पोरं रांगेत उभी, बुटाचे स्टड बघितले, चला. शिक्षा मात्र पोराला.

नियमकिडा, लातूर
बाहेर काढलं ते बरोबर, शिट्टी मारली ती चूक. अशा गोष्टीसाठी खेळ थांबवायची गरज नसते. खेळाडूला सांगायचं, खेळ थांबला की तो बाहेर जातो. तोवर वस्तू काढली असेल तर जायचंही कारण नाही. परत येताना अधिकारी तपासतो, रेफरी हात दाखवतो, मग आत. त्याला खेळ चालू असला तरी हरकत नाही. विचारल्याशिवाय घुसला तर पिवळं कार्ड. काढायला नकार दिला किंवा काढून परत घातलं, तरी पिवळंच. कोच, तुमच्या पोराला कार्ड दिलं का?

गोदाकाठचा कोच
दिलं! तिथंच तर डोकं फिरलं.

नियमकिडा, लातूर
मग तो नकार नव्हता, कडं अडकलं होतं. कार्ड चुकलं.

पुठ्ठाबहाद्दर
कड्याचं घेऊन बसलात. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मोज्यात खोक्याचा पुठ्ठा घालून शिनगार्ड, म्हणजे नडगीचं कवच, म्हणून खेळायलेत. ते कोण बघतंय?

पटकेवाला विंगर
मी नांदेडचाच, शीख आहे. डोक्याला पटका बांधून खेळतो, कुणी अडवत नाही. डोकं झाकायला 2014 पासून रीतसर परवानगी आहे, फक्त रंग काळा किंवा जर्सीचा पाहिजे अन् संघात सगळ्यांचा एकच. कड्याचं वेगळं आहे. ते आमच्या पाच ककारांतलं, म्हणजे शिखानं कायम अंगावर ठेवायच्या पाच धर्मखुणांतलं, काढताना जिवावर येतं. पण प्रॅक्टिसमध्ये हेडरला उडी मारली तेव्हा माझ्याच कड्यानं माझ्याच दोस्ताचा ओठ फाटला. तीन टाके. टेप तेव्हाही होती. तेव्हापासून मॅचला आजोबा येतात, कडं त्यांच्या मुठीत.

शिट्टीवाला, परभणी
आता बोला, कोच.

गोदाकाठचा कोच
पोराला आजच सांगतो. पण त्या टेपवाल्या रेफरीला कोण सांगणार, ते तुम्ही बोला.

शिट्टीवाला, परभणी
शनिवारी भेटतोय तो. माझ्याच बॅचचा आहे.