दुसरी शाखा कशावर चालते: गाळ्यावर, माणसावर की जवळजवळच्या कामांवर?

दांडियाबाजारकर:
बडोद्यात एसी-आरओ दुरुस्ती करणारे आपले बरेच जण वासणा-भायलीकडे दुसरी शाखा काढायचं म्हणताहेत. माझं म्हणणं, आधी तिथली गिऱ्हाइकं बांधा, मग गाळा घ्या. या धंद्यात पैसा खातो तो दोन कॉलमधला, म्हणजे एका घरची दुरुस्ती उरकून दुसऱ्या घरी जायचा रस्ता. समजा, मेकॅनिक दिवसाला 900 रुपयांना पडतो. एकाच सोसायटीत सहा कॉल झाले तर कॉलमागे 150. तोच सकाळी गोत्री, दुपारी मांजलपूर, संध्याकाळी वाघोडिया रोड असा फिरला की तीनच होतात, म्हणजे 300. पेट्रोल वेगळं. रेल्वेलाइन आणि विश्वामित्री ओलांडण्यात किती वेळ जातो, ते पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यापाशी, अडकलेल्यांना विचारा. चार-पाच सोसायट्यांचे वार्षिक करार हातात नसताना डिपॉझिट भरणं मला धोक्याचं वाटतं.

भायलीची सून:
दादा, पण करार देणार कोण? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पहिलाच प्रश्न विचारतो, "दुकान कुठाय?" मशीन उघडून ठेवून फोन बंद करणारे लोकांनी पाहिलेत. जवळ पाटी दिसली की भरवसा बसतो. करारांची वाट बघत बसलात तर दुसरा कोणीतरी येऊन बसेल.

दांडियाबाजारकर:
ताई, भरवसा वेळेवर पोचल्याने बसतो. पाटी पाहून आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं, करारवालं वर्षभर.

मांजलपूरचे काका:
दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. शाखा सांभाळणार कोण? मालक जुन्या दुकानात, आणि नव्या जागेचा मेकॅनिक गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर देऊन मोकळा! त्याला पगारावर नफ्यातला वाटा द्या, तरच तो दुकान आपलं म्हणून चालवेल. आणि नव्या शाखेचा हिशेब वेगळा ठेवा. पार्ट जुन्या गोडाऊनचे, फोन घेणारी मुलगी जुन्या दुकानाची, मग नवीन शाखा कागदावर नफ्यातच दिसणार!

भायलीची सून:
हे काकांचं अगदी खरं. एवढंच सांगते, काढायची तर जानेवारीत काढा. मार्च ते जून एसीची धावपळ. पावसाळ्यात सुरू केलीत तर ऐन थंडीपर्यंत भाडं खिशातून.

दांडियाबाजारकर:
जानेवारी मान्य, वाटाही मान्य. पण पहिलं वर्ष गाळा नको. एक माणूस, एक स्कूटर, थोडे पार्ट एवढ्यावर वासणा रोडची एकच पट्टी धरावी. त्याच्याकडे रोज पाच कॉल यायला लागले, की ताई म्हणतात तशी पाटी जरूर लावावी.