वेस्टर्नमध्ये जास्त क्रूर कोण, बंदूक की प्रदेश?

उन्हातला_स्वार
सध्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतले काउबॉयवाले सिनेमे, ओळीने बघतोय. गोळीबाराचं आता काही वाटेनासं झालंय. पण 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये (1966) टुको ब्लाँडीला वाळवंटातून पायी पिटाळतो, स्वतः मात्र घोड्यावर, वर छत्री धरून! ब्लाँडीचा चेहरा उन्हानं सोलून निघतो. शेवटच्या कब्रस्तानातल्या तिरंगी सामन्यापेक्षा मला हेच जास्त निर्घृण वाटलं. अशा सिनेमांत निसर्ग नुसता देखावा असतो, की तेही एक हत्यारच?

जुनी_रीळ
देखावा, निदान दिग्दर्शक जॉन फोर्डकडे तरी. 'द सर्चर्स' (1956) सुरू होताना पडद्यावर लिहून येतं टेक्सास, 1868. आणि दिसते मॉन्युमेंट व्हॅली, म्हणजे युटा-ॲरिझोनाची सीमा. त्या लाल खडकांत गुरं चरणार काय, हा प्रश्न फोर्डला पडत नाही. माणूस चिमुकला दिसला की त्याचं काम झालं.

बर्फाळ
हत्यारच, आणि वाळवंटापेक्षा बर्फ वाईट. सर्जिओ कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (1968) बघा. युटातला हिवाळा, घोडे बर्फात रुततात, उपासमारीनं गावाबाहेर पडलेली माणसं डोंगरात लपलेली. क्लाऊस किन्स्कीचा इनामखोर, म्हणजे डोक्यावरच्या बक्षिसासाठी माणसं मारणारा, त्यांना टिपतो आणि प्रेतं बर्फात पुरून ठेवतो. सवडीनं उकरायची, घोडागाडीच्या टपावर लादायची, पैसे वसूल! त्या हिशेबीपणानं मला गोळ्यांपेक्षा जास्त हादरवलं. शेवट सांगत नाही, पण दिलासा शोधू नका.

उन्हातला_स्वार
@बर्फाळ, हे भयंकर आहे. पण इथेही बर्फाला राबवून घेणारा माणूसच ना? माणूस बाजूला ठेवून नुसता प्रदेशच अंगावर येतो, असा एखादा?

बर्फाळ
'मीक्स कटऑफ' (2010), केली रायकार्टचा. 1845 सालचा ओरेगन, वाट चुकलेल्या तीन गाड्या, पाणी संपत आलेलं. चौकट जवळजवळ चौकोनी ठेवलीय, त्यामुळे पुढचा टापू दिसतच नाही. एक बाई बंदुकीतून इशाऱ्याचे दोन बार काढते. मधे दारू ओतायची, गोळी ठासायची, पुन्हा नेम धरायचा. कॅमेरा हलत नाही. कमरेवरून झटकन पिस्तूल काढणारे सगळे हिरो त्यानंतर मला खोटे वाटायला लागले, अगदी आवडते सुद्धा. रटाळ म्हणून शिव्या खाल्लेला सिनेमा आहे, तयारीनं बसा.

जुनी_रीळ
निसर्गाला उगाच आरोपी करताय. पेकिनपाच्या 'द वाइल्ड बंच'मध्ये (1969) सुरुवातीलाच पोरं विंचू मुंग्यांच्या ढिगात टाकून हसत बघतात, मग वर गवत टाकून पेटवून देतात. मुंग्या त्यांचं काम करत होत्या. काडी पोरांनी लावली.