ग्रोथ फॅक्टर दिल्यावर पेशींची पकड सुटते की घट्ट होते?

प्रश्न (एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, नागपूर):
ए-४३१ या मानवी कर्करोगाच्या पेशींना ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचे वा बदलाचे संदेश देणारे प्रथिन) दिल्यावर काही मिनिटांतच त्यांच्या कडांवर झालरीसारख्या चुण्या उठतात आणि पुढे पेशी आक्रसून गोल होऊ लागतात. उलट टीजीएफ-बीटा हा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिलेले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) दुसऱ्या दिवशी डिशला अधिकच घट्ट चिकटलेले आढळतात. दोन्ही ग्रोथ फॅक्टरच असताना परिणाम असे उलटसुलट का व्हावेत?

प्रतिसाद १:
आपण दोन वेगळ्या कालावधींतल्या घटनांची तुलना करत आहात. ए-४३१ पेशींवर ईजीएफचे रिसेप्टर (त्याचा संदेश स्वीकारणारी प्रथिने) असाधारण संख्येने असतात; ईजीएफ जोडले जाताच ते परस्परांवर फॉस्फेट चढवतात, रॅक हे संदेश पुढे नेणारे प्रथिन कार्यान्वित होते आणि पेशीपटलाखालचे ॲक्टिनचे (पेशीला आकार देणाऱ्या तंतूंचे) जाळे नव्याने विणले जाते. चुण्या त्यातूनच उठतात. शिवाय ईजीएफ जोडलेले रिसेप्टर लवकरच पेशीत ओढले जात असल्याने पृष्ठभागाची घडणच बदलते. (या चुण्यांचे वर्णन स्टॅन्ली कोहेन यांच्या प्रयोगशाळेतून १९७९ मध्येच आले, त्यांना नोबेल मिळाले १९८६ मध्ये.) टीजीएफ-बीटाचा आपण पाहिलेला परिणाम मात्र जनुकांमार्फत होतो: फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन ही पेशीबाहेरच्या आधारजाळ्यातली प्रथिने आणि त्यांना धरून ठेवणारे पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन यांची निर्मिती वाढते, आणि त्याला तास लागतात.

प्रतिसाद २:
वरील उत्तर योग्य आहे, पण माझ्या मते अपुरे आहे, कारण पकड नेमकी कशाशी, हे त्यात येत नाही. एचजीएफ हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर दिल्यावर एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशींचे घट्ट पुंजके विखुरतात. शेजारी पेशींना जोडणारे, कॅल्शियमवर अवलंबून असलेले ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे बंध सैल होतात, परंतु सरकायचे तर त्याच पेशीला तळाशी इंटेग्रिनची पकड ठेवावीच लागते, आणि तीही पुढे नवी धरत, मागची सोडत. म्हणजे एकाच पेशीत एक पकड सुटत असताना दुसरी टिकून असते.

प्रयोगाबाबतही सांगतो. पेशी डिशवरून सोडवायला वापरले जाणारे ट्रिप्सिन हे विकर पृष्ठभागावरील प्रथिनेच कापते, त्यामुळे पेशी उचलून लगेच पकड मोजू नये. पेशींच्या पोषक द्रवात घातलेल्या सीरममध्ये (रक्तापासून मिळणाऱ्या द्रवात) फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पकड देणारी प्रथिने आयतीच असल्याने ग्रोथ फॅक्टर देण्यापूर्वी पेशी सीरमविना ठेवाव्यात. आणि मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद पडला, की टेबलावरची पीबीएसची (पेशी धुण्याच्या क्षारद्रावणाची) बाटली इनक्युबेटरच्या ३७ अंशांपेक्षाही तापते. कंट्रोल डिश (ग्रोथ फॅक्टर न दिलेली, तुलनेसाठीची) त्याच बाटलीतून धुतली नाही, तर उन्हाळ्याचा परिणाम ईजीएफच्या नावावर जमा होईल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. परिणाम जनुकांमार्फत आहे की थेट, हे साध्या प्रयोगात कसे ओळखावे?

प्रतिसाद १:
सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती थांबवून पाहा. चुण्या तरीही उठतील; फायब्रोनेक्टिनची वाढ मात्र दिसणार नाही. केवळ सायक्लोहेक्झिमाइड दिलेली डिशही सोबत ठेवा, कारण ते जास्त वेळ राहिल्यास पेशी त्याच्या विषारीपणानेच सुटून येतात.