दोन विरोधी लेखांपैकी कोणाचा युक्तिवाद भक्कम, हे ठरवायचं कसं?

वसुधा_वाचते

वरच्या वर्गातल्या मुलांना मी लेखन शिकवते. शाळेत मोबाइलवर बंदी असावी की नसावी, यावरचे दोन लेख त्यांना दिले आणि विचारलं, कोणाचा युक्तिवाद जास्त भक्कम आणि का? तुमचं मत विचारलेलं नाही, हे फळ्यावर लिहूनही दिलं होतं.

बंदीच्या बाजूचा लेख तडफदार आहे. 'बंदी घातली की गुण ६ टक्क्यांनी वाढतात, हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०१५च्या अभ्यासाने सिद्ध झालंय,' या वाक्यावर तो उभा आहे. विरोधातला लेख बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५च्या अभ्यासाचा हवाला देतो, पण दर दोन वाक्यांनी 'अर्थात', 'काही अंशी' असं चाचरत. २६पैकी २५ मुलांनी पहिला निवडला. एका मुलीने दुसरा निवडला आणि लिहिलं, 'पहिल्या लेखकाला समोरच्याचं काही ऐकूच येत नाही.' मी तिला १०पैकी ४ गुण दिले. शेरा मारला, 'मत नको, मुद्दा हवा.'

रात्री दोन्ही लेख पुन्हा वाचले आणि झोप लागेना. मी स्वतः बंदीच्या बाजूची आहे. तो लेख मला भक्कम वाटला की नुसता आपलासा वाटला? हे दोन वेगळे कसे काढायचे?

निळी_शाई

वसुधाताई, वर्तमानपत्राच्या लेखांच्या पानावर मी ११ वर्षं काम केलंय. आलेला लेख पटला की मी तो बाजूला ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल घेऊन बसायचो. न पटलेल्या लेखातल्या चुका आपोआप दिसतात. पटलेल्यातल्या मुद्दाम शोधाव्या लागतात.

पेन्सिलीने दोनच खुणा करायचो. लेखक शेवटी काय म्हणतोय, त्याखाली एक रेघ. ते कशाच्या जोरावर म्हणतोय, त्याखाली दुसरी. मग मधली जागा बघायची. पुराव्यावरून दाव्यापर्यंत चालत जाता येतं की मध्ये उडी मारावी लागते?

तुमचं ६ टक्क्यांचं वाक्य घ्या. तो अभ्यास मला माहीत आहे. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळा, १६व्या वर्षी होणाऱ्या परीक्षेचे गुण. वाढ दिसली ती प्रमाण विचलनाच्या ६.४१ टक्के. म्हणजे मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला जितके पसरलेले असतात, त्या पसाऱ्याच्या ६ टक्के. समजा १००च्या परीक्षेत हा पसारा २० गुणांचा आहे, तर वाढ भरते साधारण सव्वा गुण. शिवाय ती सगळ्यांना सारखी मिळाली नाही. मागे पडलेल्या मुलांमध्ये वाढ त्याच पसाऱ्याच्या १४ टक्क्यांच्या वर होती आणि हुशार मुलांमध्ये काहीच फरक पडला नाही.

लेखकाने हे नीट मांडलं असतं तर त्याचा लेख जास्त भक्कम झाला असता, याची मला खरंच हळहळ वाटते. 'बंदीचा फायदा सगळ्यात जास्त गरज असलेल्या मुलांना होतो' हा केवढा जोरदार मुद्दा आहे! तो त्याने सरसकट आकड्याखाली गाडला. आणि विरोधी मुद्द्याला एक ओळही दिली नसेल, तर त्या मुलीने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय.

काटेकोर

निळी_शाई यांच्याशी सहमत, पण म्हणून दुसऱ्या लेखाला लगेच विजयी करू नका. चाचरत लिहिणं म्हणजे काळजीपूर्वक लिहिणं असं नेहमीच नसतं. बर्मिंगहॅमच्या अभ्यासात ३० शाळांतली १,२२७ मुलं होती. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक सापडला नाही. पण मोबाइलवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांचं स्वास्थ्य कमी दिसलं, हेही त्याच अभ्यासात आहे. दुसऱ्या लेखकाने हे सांगितलंय का? गाळलं असेल तर त्यानेही आपल्या सोयीचं तेवढंच उचललं.

दुसरं, एक लेख गुणांबद्दल बोलतोय आणि दुसरा मनःस्वास्थ्याबद्दल. हे दोघं एकमेकांना उत्तरच देत नाहीयेत. गुणांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर स्वीडनमधल्या शाळांवरचा २०२०चा अभ्यास हाताशी होता. त्यात बंदीने गुणांवर परिणाम झाल्याचं दिसलं नाही.

पूर्वपक्ष

न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडण्यासाठी वितंडा. मुलांना हे तीन शब्द द्या आणि दोन्ही लेख कशात बसतात ते विचारा. माझ्या मते पहिला सरळसरळ जल्प आहे.

वसुधा_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पेन्सिल घेऊन बसले. काटेकोर, तुमची शंका खरी निघाली. जास्त वापराबद्दलचा तो निष्कर्ष दुसऱ्या लेखात कुठेही नाही. आणि पहिल्या लेखात विरोधकांबद्दल एकच वाक्य सापडलं, 'काही जणांना मुलांची पर्वा नाही.' माणसाला नावं ठेवलीत, मुद्द्याला हात लावलेला नाही. पहिल्या वाचनात या वाक्यावर मी मान डोलावली होती, ते आठवून वाईट वाटलं.

त्या मुलीला आज वर्गाबाहेर बोलावलं आणि सांगितलं, तुझं वाक्य बरोबर होतं, माझा शेरा चुकला. ४चे ७ केले. उरलेले ३ का नाहीत, तेही सांगितलं. तिने लेखातलं हे वाक्य काढून दाखवायला हवं होतं. ती म्हणाली, 'बाई, ते वाक्य मी खाली रेघ मारून ठेवलं होतं, उत्तरात लिहायचं राहिलं.' तिचा लेखाचा कागद मागून घेतला. रेघ होती.

बाकीच्या २५ जणांचे पेपर आता पुन्हा तपासायला घेतलेत.